प्रतिक्रियेला उत्तर : ३ मिलिमीटरसाठी ६ महिने कशाला?

डॉक्टर, खालची दाढ गेल्यावर वरची खाली उतरते, ती हाडात बारीक स्क्रू बसवून पुन्हा वर ओढण्यावरचा माझा लेख वाचलात, आभार. तुम्ही लिहिता, "दाढ घासा, रूट कॅनल करा, कॅप बसवा, दोन बैठकांत काम होतं. स्क्रू मारून पेशंटला उगाच सहा महिने खेळवता."

'उगाच खेळवता' हे लागलं. मतभेद खुशाल असू द्या, पण माझ्या हेतूवर शंका घ्यायचं काही कारण नव्हतं. कित्येक वर्षं मी रोज हेच काम करतो आणि घासून ठेवलेल्या दाढा शेवटी माझ्याकडेच येतात.

एक मान्य. दाढ मिलिमीटरभरच उतरली असेल तर इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, घासून भागतं. हे लेखात लिहायचं राहिलं.

पण ३ मिलिमीटर? तुमच्या त्या 'घासा'चा हिशोब मांडू. दाढेच्या टोकावर इनॅमल असतं जेमतेम २ ते २.५ मिलिमीटर. पातळीत आणायला ३ काढायचे, वर कॅपच्या जाडीसाठी १ ते १.५. म्हणजे चार ते साडेचार गेले. हिरडीबाहेर दाढ दिसते सात-साडेसात, उरली अडीच ते साडेतीन. दाढेवर कॅप धरून राहायला भिंत निदान ४ हवी. मग कॅप निघते. मग हिरडी आणि हाड कापून दात लांब करायचा, की मुळं जिथे फुटतात ती जागा उघडी पडते, तिथे ब्रश पोचत नाही. चांगली जिवंत नस काढली ती वेगळीच.

आता स्क्रू. एक गालाकडे, एक टाळूकडे, मुळांच्या मधल्या हाडात. स्क्रूपासून दाढेला रबर चेन लावायची, दोन्हीकडची ओढ मिळून साधारण १५० ते २०० ग्रॅम. नुसतं गालाकडून ओढलंत तर दाढ गालाकडे कलते, टाळूकडचं टोक खाली लटकतं आणि चावताना तेच आधी आपटतं. ताकद वाढवून वेळ वाचत नाही, मुळांची टोकं मात्र झिजतात. महिन्याला अर्धा मिलिमीटर धरा, सहा महिने कुठून आले ते कळेल. हिरडी आधी स्वच्छ हवी, नाहीतर दाढेबरोबर घाणही हिरडीखाली जाते.

स्क्रू सैल होतात, हे तुमचं खरं. होतात. काढून शेजारी दुसरा बसवायचा, त्यासाठी उपचारच टाकून द्यायचा नसतो. खर्चाबद्दलची आणि 'आजकालच्या डॉक्टरां'बद्दलची वाक्यं मी सोडून देतो.

आणि कृपा करून दाढ वर गेली की लगेच स्क्रू काढू नका. रबर चेन काढून तिथे बारीक तार बांधा, ओढ न देता. खालचा कृत्रिम दात बसून वरच्या दाढेला टेकेपर्यंत ती तशीच राहू द्या. आधी सोडलीत तर दाढ पुन्हा उतरते, आणि खालच्या दातासाठी मिळवलेली जागा जाते.