कन्स्ट्रेंट उडवू नका, काउंटर पुढं सरकवा

"डेटाबेस हलवल्यावर डुप्लिकेट की एरर आली? डेटात डबल नोंदी शिरल्यात. युनिक कन्स्ट्रेंट उडवा, नाहीतर सेव्ह दाबत राहा, होतं सुरू." हा मेसेज सध्या कोल्हापूरच्या डेव्हलपर ग्रुपांत फिरतोय. युनिक कन्स्ट्रेंट म्हणजे एकच नंबर किंवा मजकूर दोन ओळींत येऊ न देणारा नियम; तो मोडायला गेलं की ही एरर येते. कुणी खरंच तसं करायच्या आत लिहितोय.

डबल नोंदींचं आधी. शाहूपुरीतल्या एका गूळ अडत दुकानाचं सॉफ्टवेअर मी मायएसक्यूएल या डेटाबेसवरून पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर नेलं. सौदे झाले आणि दिवाणजींचा फोन आला, "साहेब, पट्टी निघंना झालीया." पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या विक्रीचा हिशोब. एररखालची ओळ वाचायला सांगितली. आयडी, म्हणजे नोंदीचा नंबर, १ आधीच आहे. पुन्हा सेव्ह केलं तर २ आधीच आहे. मग ३. दर खेपेला आकडा एकानं वाढत होता, तिथंच कळलं की नोंदी शाबूत आहेत, पुढचा आयडी देणारा काउंटर मागं राहिलाय. जुन्या पट्ट्या ८,४१२ पर्यंत आणि नवं पावतीपुस्तक १ पासून, असला प्रकार. मायएसक्यूएलमध्ये आयडीसकट ओळ घातली की ऑटो इन्क्रिमेंट हा तिथला काउंटर आपोआप पुढं सरकतो. पोस्टग्रेसचा काउंटर, म्हणजे सीक्वेन्स, टेबलापासून वेगळा असतो, त्याला त्या ओळींचा पत्ताच लागत नाही.

खऱ्या डबल नोंदी असतात कधीकधी. पोस्टग्रेसवरून मायएसक्यूएलवर जाताना तिथल्या नेहमीच्या कोलेशनमध्ये, म्हणजे अक्षरं ताडून बघायच्या नियमांत, इंग्रजीची लहान-मोठी अक्षरं एकच धरली जातात, म्हणून दोन ईमेल भिडतात. पण तेव्हा एररमध्ये ईमेलचा कॉलम दिसतो, आयडीचा नाही.

कन्स्ट्रेंट उडवणं तर घातकच. प्रायमरी कीवर (टेबलातल्या ओळीची मुख्य ओळख, इथं आयडी) फॉरेन की (दुसऱ्या टेबलातून त्या ओळीकडं बोट दाखवणारे दुवे) टेकलेल्या असतील तर पोस्टग्रेस सरळ नकार देतं. कॅस्केड, म्हणजे टेकलेलंही सोबत उडव असा हुकूम, लावून रेटलं तर त्या फॉरेन कीही जातात. मग १ नंबरच्या दोन पट्ट्या, आणि एका शेतकऱ्याची उचल दुसऱ्याच्या हिशोबात. गुऱ्हाळाच्या हंगामात तो माणूस पैशासाठी दारात उभा असतो, त्याला काय सांगणार?

सेव्ह दाबत राहायचं म्हटलं तर ८,४१२ वेळा. मधली एखादी पट्टी डिलीट झालेली असेल तर तिचा जुना नंबर नव्या पट्टीला चिकटतो, आणि पुढच्या पट्टीला परत एरर.

दुकानातलं काम थांबवलं, टेबलातला सर्वांत मोठा आयडी काढला आणि सेटव्हॅल या पोस्टग्रेसच्या फंक्शननं सीक्वेन्स तिथं नेला. पुढची पट्टी ८,४१३ नंबरची निघाली. मग शेतकरी, उचल, वजन ही टेबलंही तपासली. उचलीचा सीक्वेन्ससुद्धा १ वरच होता.