चामखीळ

आज सकाळी नववीतल्या एका मुलाला मी त्याचं चित्र डिलीट करायला लावलं. दिवसभर डोक्यात तेच घोळतंय, म्हणून लिहून मोकळा होतो. पोस्ट लांब होणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी नेहमीसारखं न वाचता लाइक करून पुढे जावं.

झालं असं. आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर त्या पोराने स्वतः काढलेलं व्यंगचित्र टाकलं. आरशासमोर उभा एक पुढारी. गळ्यात चार उपरणी, चार रंगांची, एकावर एक. हातात पाचवं, ते गळ्याशी धरून शोभतंय का बघतोय. खाली एकच ओळ : 'हे जरा बरं बसतंय.' चेहरा कुणाचा होता ते सांगत नाही, कारण मला तो तिघांचा वाटला आणि तिघांनाही लागू होता. गेल्या काही वर्षांतलं आपल्या राज्याचं राजकारण या पोराने एका आरशात बसवलं होतं. मी मोबाइलकडे बघून एकटाच हसलो.

दहा मिनिटांत ग्रुप पेटला. एका गृहस्थांना त्यातलं एक उपरणं आपल्या पक्षाचं वाटलं, दुसऱ्यांना दुसरं. हे दोघे पार्किंगच्या भांडणापासून एकमेकांचं तोंड बघत नाहीत. आज मात्र एकमत. 'सोसायटीच्या ग्रुपवर राजकारण नको.' (दोघेही रोज सकाळी आपापल्या नेत्याच्या फोटोसकट सुविचार पाठवतात. ते राजकारण नव्हे, तो सुविचार.) सेक्रेटरींचा मला फोन. 'तुमचं त्यांच्याकडे येणंजाणं आहे, तुम्हीच सांगा.' आणि मी सांगितलं. 'बाळा, चित्र छान आहे, पण आत्ता काढून टाक.' उत्तर आलं, 'ओके काका.'

हे मी सांगितलं. ज्याच्या चित्रात एका आमदाराने स्वतःच्या हाताने स्वतःची चामखीळ काढली होती, त्या मी.

ही गोष्ट काहींनी माझ्याकडून ऐकली असेल. परत ऐका. साल १९८४. कॉलेजात आम्ही भित्तिपत्रक चालवायचो, जिन्याखाली काचेच्या कुलूपबंद पेटीत. तालुक्यात नळयोजना झाली होती. नळ आले होते, पाणी आलं नव्हतं. मी चित्र काढलं : आमदारसाहेब गळ्यात हार घालून पाण्याच्या टाकीवर बसलेत, खाली नळ, आणि नळाच्या तोंडाशी कोळ्याचं जाळं. वर ठळक अक्षरात 'पाणीदार नेतृत्व'. स्नेहसंमेलनाला पाहुणे कोण बोलवावेत? तेच. आणि भित्तिपत्रक उतरवायचं कुणाच्याही लक्षात राहिलं नाही.

साहेब जिन्यापाशी थांबले. मागे प्राचार्य, त्यांच्यामागे कार्यकर्ते. मी खांबाला चिकटलेला. साहेब बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, 'कुलूप काढा.' शिपाईमामांना किल्ली सापडेना, तोवरच्या शांततेत माझ्या पोटात काय झालं ते लिहीत नाही. पेटी उघडली. साहेबांनी खिशातलं फाउंटन पेन काढलं आणि चित्रातल्या नाकाच्या डाव्या बाजूला एक ठिपका दिला. ड्रॉइंगचा कागद, शाई जरा पसरली. काळ्या रेषांच्या चित्रात निळी चामखीळ. 'ही का गाळलीस? हिच्यावाचून लोक मला ओळखणार कसे?'

मी ती घाबरून गाळली होती. टाकीवर बसवायला घाबरलो नव्हतो, नळाला जाळं लावायलाही नाही. चामखिळीला घाबरलो.

ते काही संत नव्हते. पाणी पुढे चार वर्षं आलं नाही. पण माणसाला चित्र कळत होतं. अर्कचित्र हा शब्दच बघा ना. अर्क काढायचा म्हणजे बाकीचं सगळं जाळायचं आणि उरेल ते थेंबभर ठेवायचं. इंदिराबाईंचं नाक आणि केसांतली पांढरी बट, एवढ्यावर कितीतरी व्यंगचित्रकारांनी त्यांना उभं केलं. ज्याचा अर्क निघतो तो नेता. आजच्या कित्येकांचा काढायला गेलात तर भांड्यात नुसतं पाणी उरेल, ही वेगळी गोष्ट.

आपण कुठल्या राज्यात राहतो याची तरी लाज बाळगावी. इथे १९६० साली 'मार्मिक' निघालं, व्यंगचित्रांचं साप्ताहिक, आणि पहिल्या अंकाचं प्रकाशन केलं यशवंतराव चव्हाणांनी, मुख्यमंत्री असताना. उद्या हाच कुंचला आपल्यावर चालणार हे त्यांना कळत नव्हतं? शिवसेना निघाली त्यानंतर सहा वर्षांनी. म्हणजे आधी व्यंगचित्र, मग पक्ष. 'फ्री प्रेस जर्नल' या दैनिकात बाळासाहेब आणि आर. के. लक्ष्मण एकाच काळात चित्रं काढत होते, पुढे लक्ष्मण टाइम्समध्ये गेले आणि १९५१ पासून तो चौकड्यांच्या कोटातला म्हातारा, त्यांचा 'कॉमन मॅन', रोज सकाळी, एक अक्षर न बोलता, मंत्र्यांच्या मागे उभा राहायला लागला. आमच्या घरी इंग्रजी पेपर परवडत नसे. वडील वाचनालयात जाऊन तेवढं चित्र बघून यायचे आणि चहा पिताना आईला हातवारे करून सांगायचे.

आणि त्याच मुंबईत २०२० मध्ये एका निवृत्त नौदल अधिकाऱ्याला घराबाहेर मारहाण झाली. गुन्हा काय? मुख्यमंत्र्यांवरचं व्यंगचित्र फॉरवर्ड केलं. मुख्यमंत्री कोण? व्यंगचित्रकाराचे चिरंजीव. यावर आणखी कुणी काय व्यंगचित्र काढायचं?

आता कमेंटमध्ये लगेच 'तेव्हा कुठे होतात' सुरू होईल, म्हणून आधीच सांगतो, मी तेव्हाही इथेच होतो. २०१२ मध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदीवर मुंबईत राजद्रोहाचं कलम लावलं तेव्हा राज्य कुणाचं होतं, आठवा. त्याच वर्षी कोलकात्यात एका प्राध्यापकाला ममताबाईंवरचं व्यंगचित्र ईमेलने पुढे पाठवलं म्हणून अटक झाली. २०२५ मध्ये तामिळ साप्ताहिक 'आनंद विकटन'ची अख्खी वेबसाइट बंद केली गेली, पंतप्रधानांना बेड्यांमध्ये दाखवलं म्हणून. घ्या, सगळे आले. पोराच्या चित्रातली उपरणी मोजून घ्या.

त्यापेक्षा आणीबाणी बरी होती असं म्हणायची पाळी आणू नका. (बरी नव्हती. व्यंगचित्रकार शंकरचं 'वीकली' १९७५ मध्येच बंद पडलं. रागात लिहिलं, तरी राहू दे.) पण त्याच वर्षी डिसेंबरात, सेन्सॉर बसलेला असताना, 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये अबू अब्राहम यांचं ते चित्र छापून आलं होतं. राष्ट्रपती बाथटबमध्ये. दाराच्या फटीशी एक हात, सही केलेला कागद आणि पेन. आणखी वटहुकूम असतील तर जरा थांबायला सांगा, म्हणतात. देशात काय चाललं होतं ते सांगायला एक टब पुरला. हेच आज कुणी आमच्या ग्रुपवर टाकलं तर पहिली तक्रार येईल, 'इथे महिला सदस्य आहेत.'

एक गोष्ट मान्य करतो. प्रत्येक व्यंगचित्र गळ्याखाली उतरलंच पाहिजे असं नाही. २०१२ मध्येच पाठ्यपुस्तकातल्या शंकरच्या १९४९ च्या चित्रावरून संसद बंद पडली होती. राज्यघटना म्हणजे गोगलगाय, वर बाबासाहेब, मागे चाबूक घेतलेले नेहरू. मी तेव्हा बेधडक लिहिलं होतं की यात काय एवढं. एका मित्राने फोन केला, शांतपणे म्हणाला, 'चाबूक तुझ्या घरात कुणी खाल्ला नाही, म्हणून तुला गोगलगाय दिसली.' उत्तर नव्हतं. आजही नाही. मात्र पुण्यात विद्यापीठात जाऊन त्या पुस्तकाचे एक सल्लागार सुहास पळशीकर यांच्या कार्यालयाची मोडतोड करणं हे त्या दुखण्याचं औषध होतं, असं तो मित्रही म्हणाला नाही.

पण उपरण्यांवर उपरणी चढवणारा पुढारी कुणाची जखम आहे हो? त्याला कुणी पिढ्यान्‌पिढ्या छळलंय?

पेपरवाल्यांबद्दल काय बोलावं. पहिलं पान जाहिरात, ते उलटलं की आतही जाहिरात, तिसऱ्या पानावर 'पहिलं पान' सुरू होतं. तिथे पूर्वी दोन कॉलमांच्या चौकटीत एक चित्र असायचं. कितीतरी ठिकाणी ती चौकट निमूटपणे गेली, आणि आपल्यापैकी एकानेही संपादकाला पत्र लिहिलं नाही. मीही नाही. अजूनही काढणारे आहेत, चांगलं काढणारे आहेत, त्यातले बरेच आता इथे फेसबुकवरच स्वतःच्या भिंतीवर टाकतात. त्यांच्या खालच्या कमेंट वाचा. नेत्यांची एकही नसते. सगळ्या आपल्याच. आईबहीण आपणच काढतो, 'त्यांच्यावर काढायची हिंमत आहे का' आपणच विचारतो. आमदाराने चामखीळ काढून दिली, कार्यकर्ते मागे गप्प उभे होते. आता साहेबांना चित्र दिसायच्या आधीच कार्यकर्ते पेटी फोडतात. आणि कार्यकर्ते नसतील तिथे माझ्यासारखा एक काका असतोच.

राग उतरला आता जरा. त्या दोघा गृहस्थांबद्दल वर जे लिहिलं ते जास्त झालं असेल. त्यातल्या एकांनी कोविडमध्ये माझ्या बायकोला रात्री दोन वाजता गाडीत घालून नेलं होतं. माणूस चांगला आहे. उपरणं गळ्यात आलं की काय होतं, ठाऊक नाही.

मघाशी जेवण झाल्यावर त्या पोराचा मला वेगळा मेसेज आला. ग्रुपवर नाही, मला एकट्याला. चित्र परत काढलंय. आरसा तोच, ओळ तीच. पुढाऱ्याचं पोट आत घेतलंय, नाक सरळ केलंय, आणि पाचही उपरणी पांढरी. खाली लिहिलंय, 'काका, आता चालेल ना?'

तासभर झाला. मी वाचलंय हे त्याला दिसतंय.