शिवलकरांच्या नावापुढे फक्त ‘कसोटी न खेळलेले’ नको

मुंबईचे क्रिकेटपटू पद्माकर शिवलकर आणि मिलिंद रेगे यांच्यावरचा तुमचा लेख मनापासून आवडला. २०२५ च्या फेब्रुवारीत रेगे गेले आणि मार्चच्या सुरुवातीलाच शिवलकर. दादर-माटुंग्याच्या मैदानांवर वाढलेल्या आमच्या पिढीला हे दोन धक्के पचवणं जड गेलं.

एक तक्रार मात्र आहे. शिवलकरांविषयी लिहिताना प्रत्येक जण ‘कसोटी खेळायला मिळाली नाही’ इथूनच सुरुवात करतो, तुम्हीही केलीत. त्यांच्यासारखेच डावखुरे फिरकीपटू असलेल्या बिशनसिंग बेदींच्या काळात ते जन्मले हे खरंच, पण १२४ प्रथम श्रेणी सामन्यांत ५८९ बळी, तेही बळीमागे वीसपेक्षा कमी धावांच्या सरासरीने, ही काय हळहळायची गोष्ट आहे? १९७२-७३ चा रणजी अंतिम सामना आठवा. मद्रासच्या चेपॉकची फिरकीला साथ देणारी खेळपट्टी, समोर तमिळनाडूचे फिरकीपटू वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार. शिवलकरांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्यात १८ धावांत ५ बळी घेतले. तिसऱ्या दिवशीच्या पहिल्याच चेंडूवर सामना संपला! मुंबईचा तो करंडक त्यांच्या डाव्या हाताचा होता. आणि वयाच्या ४७ व्या वर्षी मुंबईने त्यांना पुन्हा बोलावलं, तेव्हाही ते आले.

रेग्यांना मात्र तुम्ही दोनच ओळी दिल्यात. ऐन सव्विशीत हृदयविकाराचा झटका येऊनही हा माणूस पुन्हा मैदानात उतरला, मुंबईचं नेतृत्व केलं, पुढे निवड समितीत वर्षानुवर्षं राबला. त्यांच्यावर स्वतंत्र लेख लिहाच, वाट पाहतो.