‘लायब्ररी लिस्टवरच वेळ घालवला’ : दोन स्टारच्या रिव्ह्यूला केंद्राचं उत्तर

नमस्कार भाऊ,

रिव्ह्यू नीट वाचला. तुमचं म्हणणं असं: आयबीएम आय (आयबीएमची सर्व्हरसाठीची ऑपरेटिंग सिस्टिम) वर आरपीजी ही तिथली प्रोग्रामिंग भाषा शिकायला आलो, पण वेळ लायब्ररी लिस्ट (फाइल आणि प्रोग्राम कोणत्या लायब्ऱ्यांत, कोणत्या क्रमाने शोधायचे ती यादी) आणि कंपाईल सेटिंगमध्येच गेला. केंद्रातल्या हिरव्या स्क्रीनवर (सिस्टिमचं जुन्या धाटणीचं, फक्त अक्षरांचं टर्मिनल) कंपाईल झालेला काटापट्टीचा, म्हणजे वजनाच्या पावतीचा, प्रोग्राम घरून व्हीएस कोड या एडिटरमधून ‘ओलावा’ फील्ड सापडत नाही म्हणून अडतो. कधी कंपाईल होतो, पण चालतो जुनाच. डीबगरमध्ये सोर्स दिसत नाही. लायब्ररीचं नाव थेट कोडमध्ये लिहू दिलं असतं तर ही कटकटच नव्हती. दारव्ह्याच्या आसपासच्या गावांतली अजून मुलं-मुली या कोर्सचा विचार करताहेत, म्हणून उत्तर सगळ्यांसमोरच देतो.

तुमचा कोड बरोबर आहे. लायब्ररी लिस्ट ही प्रत्येक जॉबची (सिस्टिमवर चालणारं एकेक सेशन किंवा काम) स्वतःची असते, आणि केंद्रातला जॉब वेगळा, घरचा वेगळा. केंद्रात साइन-ऑन केलं की जॉब डिस्क्रिप्शनमधली (जॉबच्या सेटिंग जिथे साठवतात) सुरुवातीची लिस्ट लागते आणि त्यावर युजर प्रोफाइलचा इनिशियल प्रोग्राम (साइन-ऑनला आपोआप चालणारा) सराव-लायब्ऱ्या चढवतो. व्हीएस कोडचं ‘कोड फॉर आयबीएम आय’ एक्स्टेन्शन एसएसएच या दुसऱ्याच वाटेनं जोडतं. तिथे हा इनिशियल प्रोग्राम चालतच नाही. एक्स्टेन्शन स्वतःच्या सेटिंगमधली लिस्ट लावून कंपाईल करतं. हिरव्या स्क्रीनवर कितीही वेळा ॲडलिबलई (लिस्टमध्ये लायब्ररी चढवायची कमांड) दिलं तरी त्याचा तिकडे काही उपयोग नाही.

शोधाचा क्रमही ठरलेला आहे: आधी सिस्टिमचा भाग (जास्तीत जास्त १५ लायब्ऱ्या), मग प्रॉडक्ट लायब्ऱ्या (२ पर्यंत), मग एक करंट लायब्ररी, शेवटी युजरचा भाग (२५० पर्यंत). नाव जिथे पहिल्यांदा सापडलं तिथे शोध थांबतो. सरावाच्या कापूसडेव्ह लायब्ररीतल्या काटापट्टी फाइलला ओलाव्याचं फील्ड आहे, कारण सीसीआयची (भारतीय कापूस महामंडळाची) खरेदी ८ ते १२ टक्के ओलाव्याच्या हिशेबानं होते आणि ते पावतीवर यावं लागतं. कापूसटेस्ट लायब्ररीतल्या त्याच नावाच्या जुन्या फाइलला ते नाही. घरच्या लिस्टमध्ये कापूसटेस्ट वर असेल तर कंपाईलर जुनी फाइल उचलतो आणि आरएनएफ७०३० हा एरर कोड देतो: नाव डिफाइन केलेलं नाही. दोन्ही लायब्ऱ्या नसतील तर आरएनएफ२१२० येतो, म्हणजे फाइलचं वर्णनच मिळालं नाही. हे दोन कोड वेगळे वाचायला शिका, अर्धा शोध तिथेच संपतो.

उलटंही होतं. कापूसडेव्हवर कंपाईल केलं, चालवताना लिस्टमध्ये कापूसटेस्ट वर निघाली, की फाइल उघडतानाच सीपीएफ४१३१, लेव्हल चेक: कंपाईलच्या वेळची फाइलची रचना आणि आताची जुळत नाही. लिस्ट दोनदा पाहिली जाते, कंपाईलच्या वेळी आणि चालवताना. कोणी सांगेल, फाइलवर लेव्हल चेक बंद करा. कृपा करून करू नका. प्रोग्राम चालेल, पण रेकॉर्डचे बाइट चुकीच्या फील्डमध्ये जाऊन बसतील आणि शेतकऱ्याच्या पावतीवर भलतंच वजन छापलं जाईल.

आता ‘जुनाच चालतो’ याबद्दल. कमांड लाइनवर सीआरटीबीएनडीआरपीजी (आरपीजी कंपाईल करायची कमांड) दिलं आणि लायब्ररी सांगितली नाही, तर ऑब्जेक्ट, म्हणजे तयार झालेला प्रोग्राम, करंट लायब्ररीत जातो. करंट लायब्ररी ठरवलेलीच नसेल तर तो सिस्टिमच्या क्यूजीपीएल लायब्ररीत जाऊन पडतो. व्हीएस कोडच्या ॲक्शनमध्ये (तिथे साठवलेली कंपाईलची कमांड) मात्र प्रोग्रामच्या लायब्ररीच्या जागी ‘ओपनलिब’ लिहिलेलं असेल तर ऑब्जेक्ट सोर्सच्याच लायब्ररीत जातो. पीडीएममध्ये (हिरव्या स्क्रीनवरचं सोर्स हाताळायचं साधन) एफ१८ च्या डिफॉल्टमध्ये ‘स्टार एसआरसीलिब’ असेल तरी तेच. म्हणजे नवा प्रोग्राम सोर्सच्या लायब्ररीत, केंद्रात केलेला जुना करंट लायब्ररीत, आणि कॉल करताना करंट आधी येते. डब्ल्यूआरकेओबीजे या ऑब्जेक्ट शोधायच्या कमांडला लायब्ररी म्हणून ‘स्टार ऑल’ देऊन प्रोग्रामचं नाव टाका, सगळ्या प्रती समोर येतात. जादाची काढा आणि ॲक्शनमध्ये ‘करलिब’ लिहा. एकच प्रत असूनही जुनं वागत असेल तर तुमच्या जॉबने आधीची प्रत धरून ठेवली आहे. रिप्लेस केलेला ऑब्जेक्ट क्यूआरपीएलओबीजे लायब्ररीत हलतो, आणि ज्या जॉबमध्ये तो आधीच सुरू आहे तो तीच प्रत चालवत राहतो. साइन-ऑफ करून परत या, किंवा प्रोग्राम नाव असलेल्या ॲक्टिव्हेशन ग्रुपमध्ये (जॉबमधला प्रोग्राम चालण्याचा कप्पा) चालत असेल तर तो मोकळा करायला आरसीएलएसीटीजीआरपी कमांड द्या.

डीबगरमध्ये सोर्स न दिसण्याचं कारण छोटं आहे. कंपाईल कमांडमधल्या डीबीजीव्ह्यू (डीबगरला काय दाखवायचं) या सेटिंगचं डिफॉल्ट ‘स्टार एसटीएमटी’ आहे, त्यात सोर्स नसतो. ‘स्टार सोर्स’ द्या. सोर्स मेंबर दुसरीकडे हलणार असेल तर ‘स्टार लिस्ट’ द्या. ऑब्जेक्ट मोठा होतो, पण लिस्टिंग त्याच्या आतच राहतं. त्याच कमांडच्या ऑप्शनमध्ये ‘स्टार इव्हेंटएफ’ नसेल तर एडिटरला चुकीच्या ओळी कळत नाहीत. एसक्यूएलवाल्या आरपीजीला आणखी एक खाच आहे: ती कंपाईल करायच्या सीआरटीएसक्यूएलआरपीजीआय कमांडमधलं कमिट डिफॉल्टने ‘स्टार सीएचजी’ असतं, आणि सीआरटीलिब कमांडने केलेल्या लायब्ररीतल्या फाइलला जर्नल (बदलांची नोंदवही) नसेल तर अपडेट करताना एसक्यूएल७००८ एरर येतो. सरावापुरतं कमिट ‘स्टार नन’ ठेवा.

लायब्ररीचं नाव कोडमध्ये न लिहू देण्यावर मात्र मी ठाम आहे. कापूसडेव्ह कोडमध्ये कोरलं की तोच ऑब्जेक्ट टेस्टला आणि नंतर प्रत्यक्ष कामाला नेता येत नाही. प्रत्येक टप्प्यावर सोर्स बदला, पुन्हा कंपाईल करा, आणि एक नाव बदलायचं राहिलं की टेस्टचा प्रोग्राम खऱ्या फाइलवर लिहायला लागतो. नागपूर-पुण्यात नोकरी लागली की पहिल्याच दिवशी डेव्ह, टेस्ट, प्रॉड असे तीन संच हातात पडतात. म्हणून या विषयाचा वेळ पुढच्या बॅचलाही कमी करणार नाही.

घरी आता असं करा. केंद्रात डीएसपीलिबल (लिस्ट दाखवायची कमांड) देऊन लिस्ट क्रमासकट उतरवून घ्या. व्हीएस कोडच्या ‘युजर लायब्ररी लिस्ट’मध्ये तोच क्रम लावा, करंट लायब्ररी वेगळी ठरवा. आपल्याकडे वीज जाते, राऊटर बंद पडतो, हिरव्या स्क्रीनचं सेशन तुटतं; परत साइन-ऑन केल्यावर नवा जॉब सुरू होतो आणि हाताने चढवलेल्या लायब्ऱ्या गेलेल्या असतात. म्हणून ॲडलिबलईवर विसंबू नका, यादी जॉब डिस्क्रिप्शनमध्येच घाला. रात्रीच्या वेळापत्रकावर लावलेला जॉबही लिस्ट जॉब डिस्क्रिप्शनमधूनच घेतो. एसबीएमजेओबी (जॉब सबमिट करायची कमांड) मात्र वेगळी लिस्ट सांगितली नाही तर तुमच्या चालू जॉबची लिस्ट सोबत नेतं, त्यामुळे दिवसा हाताने सबमिट केलेलं चालतं आणि रात्री तेच पडतं.

एवढं करूनही अडलं तर कंपाईलची स्पूल फाइल (छापील रूपातला अहवाल), जॉब लॉग आणि घरच्या जॉबची लायब्ररी लिस्ट घेऊन या. चालू बॅचच्या लॅबच्या वेळात तुमच्यासाठी मशीन मोकळं ठेवतो, त्याची वेगळी फी नाही.