धनुर्वात, गंज आणि प्रतिजैविके: एका संदेशाचा प्रतिवाद

जखम झाल्यावर धनुर्वाताची लस घेण्याची गरज नसते, असे सांगणारा एक संदेश सध्या मोठ्या प्रमाणावर पुढे पाठवला जात आहे. त्यातील म्हणणे थोडक्यात असे आहे: धनुर्वात गंजलेल्या लोखंडामुळे होतो; जखमेतून भरपूर रक्त वाहून गेले आणि ती भरून आली की धोका टळतो; आजार झालाच तर प्रतिजैविके आहेत; आणि एकदा बरा झालेल्या माणसाला तो पुन्हा होत नाही. ही चारही विधाने चुकीची आहेत. त्यांपैकी तिसरे सर्वांत घातक आहे, कारण ते ऐकायला शास्त्रीय वाटते.

गंजाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. 1884 मध्ये आर्थर निकोलायर यांनी प्राण्यांना मातीचे नमुने टोचून धनुर्वात घडवून आणला होता, आणि 1889 मध्ये शिबासाबुरो कितासातो यांनी त्याचा जिवाणू शुद्ध स्वरूपात वेगळा केला. या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची टिकाऊ सुप्त रूपे, मातीत आणि जनावरांच्या विष्ठेत असतात. खिळा धोकादायक ठरतो तो त्याला माती चिकटलेली असते आणि तो खोल, अरुंद, प्राणवायू न पोहोचणारी जखम करतो म्हणून. स्वच्छ दिसणारी सुई, काटा किंवा लाकडाचे कुसळ हेच काम करू शकते. भाजलेल्या जखमेतूनही धनुर्वात होतो.

रक्त वाहिल्याने बीजाणू धुऊन निघतील याची कोणतीही खात्री नसते, कारण ते मृत ऊतींमध्ये आणि आत राहिलेल्या कणांजवळ टिकून राहतात. जखम साबण आणि पाण्याने स्वच्छ धुणे आवश्यकच आहे, त्याने धोका घटतो. पण तो संपत नाही. शिवाय लक्षणे दिसायला साधारणपणे 3 ते 21 दिवस लागतात, त्यामुळे जबडा आखडू लागतो तेव्हा जखम अनेकदा भरून आलेली असते. काही रुग्णांमध्ये तर ती सापडतही नाही.

आता प्रतिजैविकांचा मुद्दा. धनुर्वाताचा जिवाणू जखमेबाहेर फारसा पसरत नाही. शरीरभर परिणाम करते ते त्याने तयार केलेले विष. हे विष स्नायूंपाशी असलेल्या चेतातंतूंच्या टोकांतून आत शिरते आणि त्या तंतूंच्या आतूनच उलट दिशेने प्रवास करत मज्जारज्जूपर्यंत पोहोचते. तिथे ते स्नायूंना आवर घालणाऱ्या चेतापेशींमध्ये जाते आणि सिनॅप्टोब्रेविन नावाचे प्रथिन कापते. ग्लायसीन आणि गाबा ही आवर घालणारी रसायने बाहेर सोडण्यासाठी या पेशींना तेच प्रथिन लागते. ते तुटले की स्नायूंना आकुंचनाचे आदेश मिळत राहतात आणि ते थांबवणारा संदेश मात्र येत नाही. जबडा घट्ट मिटतो, पाठ कमानीसारखी ताणली जाते, आणि एखादा आवाज, प्रकाश किंवा हलका स्पर्श झाला तरी झटके येतात. या सगळ्यात रुग्ण बहुधा पूर्ण शुद्धीवर असतो, आणि प्रत्येक झटक्याची वेदना त्याला जाणवत असते.

बोटुलिझम या, बहुधा दूषित अन्नातून होणाऱ्या, आजाराच्या विषाशी तुलना केली की हे अधिक स्पष्ट होते. त्या विषाचे काही प्रकार नेमके हेच प्रथिन कापतात, पण ते चेतातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यापाशीच थांबून, स्नायूला आकुंचनाचा आदेश देणाऱ्या ॲसिटिलकोलीन या रसायनाचे उत्सर्जन रोखतात. परिणामी स्नायू ताठरण्याऐवजी लुळे पडतात. विष कोणत्या पेशीत काम करते, यावर रुग्णाची अवस्था ठरते.

म्हणूनच प्रतिजैविकांची मर्यादा समजून घेतली पाहिजे. मेट्रोनिडाझोलसारखे औषध जखमेतील जिवाणू मारते आणि नवे विष तयार होणे थांबवते, त्यामुळे ते दिलेच जाते. परंतु चेतापेशीत शिरलेल्या विषावर त्याचा काहीही परिणाम होत नाही. प्रतिपिंडांचे (विषाला चिकटून त्याला निकामी करणाऱ्या प्रथिनांचे) इंजेक्शनही अजून पेशीबाहेर असलेल्या विषालाच निष्प्रभ करते. त्यानंतर उरते ते झटके आवरणे, गरज पडल्यास कृत्रिम श्वास देणे आणि चेतातंतूंची टोके पुन्हा कार्यक्षम होण्याची वाट पाहणे, ज्याला कित्येक आठवडे लागतात. अतिदक्षता विभागातील उपचार मिळूनही काही रुग्ण दगावतात. विष पेशीत शिरण्यापूर्वीच त्याला अडवणारी प्रतिपिंडे रक्तात तयार असणे हाच खात्रीचा मार्ग आहे, आणि ते काम लस करते. तिच्यात निष्प्रभ केलेले विषच असते. कालांतराने प्रतिपिंडे ओसरतात, त्यामुळे प्राथमिक मात्रा पूर्ण केलेल्या प्रौढांनाही साधारणपणे दर 10 वर्षांनी वर्धक मात्रा सुचवली जाते; जखम मळकट किंवा खोल असेल आणि शेवटच्या मात्रेला 5 वर्षे उलटली असतील तर ती त्याआधीच दिली जाते. ज्याने पूर्वी लसच घेतलेली नाही, त्याला अशा जखमेनंतर केवळ लस पुरत नाही, कारण तिचा प्रतिसाद तयार व्हायला वेळ लागतो. तयार प्रतिपिंडेही द्यावी लागतात.

राहिला प्रतिकारशक्तीचा दावा. गोवर होऊन गेलेल्या माणसाला सहसा पुन्हा गोवर होत नाही, म्हणून धनुर्वातही तसाच असेल असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु धनुर्वाताचे विष इतके तीव्र आहे की आजार घडवायला पुरेशी असलेली मात्रा प्रतिकारशक्ती जागी करायला अपुरी ठरते. त्यामुळे धनुर्वातातून वाचलेल्या रुग्णाला तो पुन्हा होऊ शकतो, आणि उपचार सुरू असतानाच, प्रतिपिंडांच्या इंजेक्शनपेक्षा वेगळ्या जागी, त्याचे लसीकरण सुरू केले जाते.