कुत्रा हीरो असलेली क्राइम कॉमेडी: गंमत नेमकी कुठून येते?

चोर-पोलिसांच्या कॉमेडीत कुत्रा हीरो असेल, तर माझी अट एकच: त्याला केस कळता कामा नये. तो चोरामागे धावतो ते चोराच्या पिशवीतल्या खाण्यासाठी. इन्स्पेक्टरला मात्र वाटतं, याला सगळं समजलंय. हा गैरसमज म्हणजेच विनोद. कॉम्प्युटरवर ओठ हलवून कुत्र्याच्या तोंडी संवाद घातले की सगळी मजा गेली.

पडद्यावर तो ‘संशयाने’ बघतो, तेव्हा सेटवर त्याची नजर लेन्सशेजारी ट्रेनरने धरलेल्या चेंडूवर असते. पुढच्या शॉटमध्ये चोर दाखवला की संशय प्रेक्षकच भरतात. मान तिरकी हवी असेल तर अनोळखी आवाज काढतात, पण काही टेकमध्ये कुत्रा त्याला सरावतो आणि ढिम्म हलत नाही. म्हणून तो आवाज रिहर्सलमध्ये वाया घालवू नये, क्लोजअप आधी उरकावा. नटाच्या खिशात खाऊ तर अजिबात नको. कुत्रा नटाचा चेहरा सोडून खिशाकडेच बघत बसतो. ठरलेल्या जागी थांबवायला आधी मोठी चटई वापरतात, मग ती लहान लहान करत जातात, शेवटी फ्रेमबाहेर राहील एवढी लाकडी पट्टी पुरते.

हल्ल्याचा सीन म्हणजे कुत्र्याच्या लेखी ओढाओढीचा खेळ. गुंडाच्या शर्टाखाली जाड संरक्षक बाही असते, कुत्रा तीच पकडतो. घात करते ती शेपटी! खुशीत हलणारी शेपटी दिसली की गुंडाची भीती कुणालाच खरी वाटत नाही. त्यामुळे फ्रेम छातीपासून वर ठेवायची आणि गुरगुर नंतर साउंडमध्ये भरायची. गोळीबाराचंही तेच: कुत्र्याजवळ बार उडवायचाच नाही, आवाज मागाहून घालता येतो. एकदा दचकलेला कुत्रा त्या जागेवर परत यायलाच तयार होत नाही.

कोणत्या जातीचा कुत्रा घेतला यावर विनोदाची जात ठरते. 1989 साली ‘के-नाइन’ आणि ‘टर्नर अँड हूच’ हे हॉलिवूडचे दोन सिनेमे काही महिन्यांच्या अंतराने आले. पहिल्यात जर्मन शेफर्ड: ताठ, रुबाबदार, म्हणून त्याने हुकूम धुडकावला की हसू येतं. दुसऱ्यात डोग द बोर्दो जातीचा हूच: सैल कातडं, लोंबणारी लाळ आणि टापटिपीने पछाडलेला पोलीस. तिथे लाळेची एक तारसुद्धा सीन उचलून धरते. हूच खुन्याला ओळखतो, पण साक्ष म्हणजे काय हे त्याच्या गावीही नाही. माझ्या अटीत तो चोख बसतो.

म्हणूनच त्याला शेवटी मारलेलं मला आजही पटत नाही. दीड तास हसवून दिलेला तो धक्का नंतर पिल्लं दाखवून भरून निघत नाही. ‘के-नाइन’मध्येही कुत्र्याला गोळी लागते, पण तो वाचतो. कॉमेडी लिहिणाऱ्यांनी तोच शेवट निवडावा.