घरबसल्या न्यायनिवाडा

खटल्यात दोषी की निर्दोष हे ठरवणारी सामान्य नागरिकांची ज्यूरी गेली म्हणून कोणी हळहळू नये. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागा उरली नसली, तरी सांगलीच्या विश्रामबागेतील आमच्या कॉलनीत ती रोज सायंकाळी सिमेंटच्या बाकावर भरते. तिच्यात बसू इच्छिणाऱ्यांसाठी अनुभवाच्या या चार सूचना.

पहिली : आधी माणूस पाहावा, पुरावा सवडीने पाहता येतो.

दुसरी : इतिहासाचा आधार घ्यावा. लोकमान्यांवरील राजद्रोहाच्या खटल्यात १८९७ साली सहा युरोपीय ज्यूररांनी 'दोषी' म्हटले आणि तिघा हिंदी ज्यूररांनी 'निर्दोष'. १९०८ साली पुन्हा तेच, सात विरुद्ध दोन. नवांनीही ऐकलेला पुरावा एकच होता. या अन्यायावर १ ऑगस्टला तावातावाने भाषण करावे आणि २ ऑगस्टला बाकावर वेळेवर हजर व्हावे.

तिसरी : काही हरवले की पाल शोधावे. गेल्या मंगळवारी बोअरच्या मोटारीची केबल दिसेना, तेव्हा बाकाचा निकाल पाच मिनिटांत लागला. 'केबल तुमच्याच इमारतीची आहे' म्हणून मलाही ओढत, सारे जण रिकाम्या प्लॉटवर उतरलेल्या पारधी कुटुंबाच्या पालावर गेले, झडतीत त्या बाईचा पिठाचा डबा उपडा झाला, पोरे रडू लागली, आणि आमचे सेक्रेटरी म्हणाले, "हे यांच्या रक्तातच आहे." जमातीच्या जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवणारा १८७१ पासूनचा इंग्रजी कायदा १९५२ साली रद्द झाला, हे त्यांना अद्याप कळलेले नसावे. बुधवारी केबल सापडली. ती जळाली होती, म्हणून मोटार दुरुस्त करणारा खोलून घेऊन गेला होता, आणि त्याला फोन करणारे स्वतः सेक्रेटरीच होते!

चौथी : अशा वेळी विषय बदलावा.

पण मला तो बदलता येत नाही. भटक्या समाजातील ज्या सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली फाशी सुनावली, त्यांनाच २०१९ साली त्याच न्यायालयाने निर्दोष ठरवले. तोवर त्यांची सोळा वर्षे गेली होती. तेथे निदान वकील होते, अपील होते. तुमच्या बाकासमोर त्या बाईने कोणाकडे दाद मागायची होती? तुम्ही शिकलेसवरलेले, पेन्शन घेणारे लोक, तिच्या पिठात हात घालताना तुम्हाला लाज कशी वाटली नाही? सोसायटीच्या वहीत 'केबल मिळाली' एवढेच लिहून मोकळे झालात. त्याखाली पिठाचे पैसे आणि माफी लिहा, ती पालावर जाऊन वाचून दाखवा, आणि पहिली सही माझी घ्या. मीही तेथे गप्प उभा होतो.